डोळे नसलेला माल

“या गणपतीला डोळे का नाहीत?”

खैरनार मॅडमनी अंगणात आल्या आल्या विचारलं. नमस्कार नाही, चौकशी नाही. निळ्या ताडपत्रीचं टोक वर केलं, खालच्या ढिगातून हाताला लागली ती मूर्ती बाहेर ओढली आणि उन्हात धरून उलटसुलट बघितली. पितांबराचा पिवळा शाबूत होता. सोंडेवर चिखल वाळला होता, एक कान गेला होता. कपाळाखाली मात्र नुसता गुलाबी, सपाट रंग.

मी वरच्या गॅलरीत रुंजीला खांद्यावर टाकून उभी होते. रुंजी तेव्हा नुकती बसायला लागली होती. पुरानंतर तिचं पोट बिघडलं होतं आणि मी उठता-बसता तिच्या टाळूला हात लावून बघत होते.

“होते,” भाऊ म्हणाले.

भाऊ म्हणजे माझे सासरे. पेणच्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरटी आहेत, पण आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, भाऊ नागोठणेकरांसारखा हात नाही असं लोक म्हणत. साचे काढायला, घासायला, रंग मारायला माणसं होती. डोळे भाऊच काढणार. डोळे झाले की मूर्ती माल झाली, तोवर ती कच्ची.

“होते, तर मग गेले कुठे?”

“पाण्यात गेले, मॅडम,” हेरंब मध्येच म्हणाला. हेरंब माझा नवरा. “सगळा माल बुडाला होता. तुम्हीच बघा, भिंतीवर खूण आहे.”

“पाणी मोठं हुशार म्हणायचं तुमच्या गावचं. मुकुटाला हात लावला नाही, पितांबर ठेवला आणि डोळे तेवढे वेचून नेले.”

जीपला टेकलेला हवालदार हसला. भाऊंनी मान खाली घातली. मला त्या मान खाली घालण्याचीच भीती वाटली. भाऊ कुणापुढे मान खाली घालणारे नव्हते.

मॅडम अलिबागहून आल्या होत्या, आर्थिक गुन्हे शाखेतून. पूर ओसरल्यावर गल्लीतल्या बऱ्याच कारखान्यांनी विम्याचे दावे टाकले होते, सगळे धुमाळ नावाच्या एकाच एजंटामार्फत. आमचाही त्यातच होता. आदल्या आठवड्यात धुमाळला उचलला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

“काका, मी येवल्याकडची,” मॅडम ओट्यावर टेकत म्हणाल्या. “पैठणीतलं विचाराल तर सांगेन. गणपतीतलं मला काही कळत नव्हतं. पण तुमच्या त्या धुमाळने शिकवलं. पूर आला की कच्च्या मूर्ती बाहेर काढायच्या, स्प्रे-गन मारून रंगवायच्या, वरून चिखल फासायचा आणि तयार माल गेला म्हणून दावा टाकायचा. वरच्या आळीत दोघांकडे असंच सापडलं. फसले कुठे माहितीये? रंग काय, कुणीही मारतं. डोळे कुणाला काढता येत नाहीत. म्हणून मी आता दुसरं काही बघतच नाही. ताडपत्री उचलते आणि डोळे बघते.”

“आमचा माल खरा आहे,” भाऊ म्हणाले.

“मग डोळ्यांचं सांगा.”

भाऊंनी ओट्याच्या कडेचा वाळलेला चिखल नखाने खरवडला. मग मॅडम हातातली मूर्ती अलगद ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “ठीक आहे. मी एकेकाशी वेगळी बोलते. वर कोण आहे?”

“माझी मिसेस आहे, मॅडम. लहान बाळ आहे. तिला काही माहीत नाही.”

“मग तिच्यापासूनच सुरुवात करू. माहीत नसलेली माणसं बरी असतात.”

त्या हात धुवायला मोरीकडे वळल्या तेवढ्यात हेरंब दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. घाम फुटला होता.

“कॉम्प्रेसरचं विचारलं तर नाही म्हण.”

“म्हणजे?”

“पाणी उतरल्यावर कॉम्प्रेसर चालला होता का म्हणून विचारतील. नाही म्हण. ऐकलं नाही म्हण.”

“अरे, पण चाललाच होता ना?”

“केतकी, नंतर सांगतो. आत्ता नाही म्हण फक्त.”

आणि आला तसा खाली गेला.

मी पाळण्याशी जाऊन बसले. रंगाच्या गनला हवा देणारा तो कॉम्प्रेसर चालला होता. गावात वीज नव्हती, कुठूनसा जनरेटर आणला होता आणि अख्खा दिवस खाली घरघर चालली होती. शटर आतून ओढलेलं. जिन्यातून रंगाचा वास वर येत होता. मला नवल वाटलं होतं की सगळं बुडून गेलेलं असताना हे लोक रंगवतायत काय? मी एकदा जिना उतरायला लागले, तर सासूबाई मधल्या पायरीवर बसलेल्या. “खाली जाऊ नकोस. लेकरू अंगावर पितंय तुझं,” म्हणाल्या. मला वाटलं, चिखल आहे, घाण आहे, रोगराई नको म्हणून. किती जपतात, असंही वाटलं. मी परत वर येऊन पाणी उकळत बसले होते.

आता तोच जिना मॅडम चढत होत्या आणि मला काही सुचत नव्हतं.

त्या आल्या, खुर्ची नको म्हणाल्या आणि पाळण्याशेजारी फरशीवरच बसल्या. रुंजीने त्यांच्याकडे टक लावून बघितलं.

“पोट बिघडलंय का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सगळीकडे लंगोटच वाळतायत. जायफळ उगाळून दिलंत का?”

“डॉक्टरांनी पावडर दिलीय. पाणी उकळूनच देते. दोनदा उकळते.”

“एकदा पुरतं.” त्या हसल्या. “पहिलटकरीण तुम्ही. शिक्षण काय झालंय?”

“एम.ए., सायकॉलॉजी. पनवेलला.”

“अरे वा. म्हणजे मी काय करतेय ते तुम्हाला कळत असेल.”

मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

“पाणी उतरल्यावर,” त्या पाळण्याची दोरी हातात घेत म्हणाल्या, “खाली कॉम्प्रेसर चालला होता?”

“मी बाळाला घेऊन वर होते.”

“कान घेऊनच होतात ना?”

मी रुंजीचं दुपटं सारखं केलं. सारखंच होतं ते.

“मॅडम, मला… तेव्हा बाळाला ताप होता. माझं लक्ष नव्हतं.”

“हे उत्तर नाही, केतकीताई.” त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. “मी शेजारी साठेकाकूंकडे चहा घेऊन येते. त्यांनी बोलावलंय. तोवर आठवून ठेवा. घाई नाही.” दारात थांबून म्हणाल्या, “आणि एक सांगू का. नवऱ्याने काय सांगितलं ते आठवू नका. काय ऐकलं ते आठवा.”

त्या गेल्यावर मी रुंजीला कडेवर घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांची थाप जराही चुकत नव्हती.

“आई, खाली काय रंगवलं त्या दिवशी?”

“कुठल्या दिवशी?”

“आई.”

“तुला कळून काय करायचंय? लेकरू अंगावर पितंय.”

“तेच तेच सांगू नका हो. ती बाई हेरंबला घेऊन जाईल. दाव्यावर सही त्याची आहे. कच्चा माल रंगवला का आपण? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही, पण मला कळू दे. मी काय सांगू तिला?”

त्यांचा हात थांबला. भाकरी परातीतच राहिली.

“कच्चा माल रंगवायला हे काय धुमाळ आहेत?” असं म्हणून त्यांनी तव्याखालचा गॅस बंद केला. “मिटवले त्यांनी.”

“काय मिटवले?”

“डोळे. आपल्या घरात तशी रीत आहे. दुसऱ्या कुणाकडे नाही, आपल्याच. डोळे काढलेली मूर्ती भंगली तर तशी उघड्या डोळ्याने टाकायची नाही. आधी मिटवायचे. ह्यांचे वडील खडूचं पाणी बोटाने लावायचे. वर्षाला एखाददुसरी भंगायची, तेव्हा बोट पुरत होतं. आता सगळा कारखाना भंगला. तर ह्यांनी पातळ रंग कालवला, गनमध्ये भरला आणि एकेकीच्या तोंडासमोर…” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “जेवले नाहीत त्या दिवशी धड. आणि मिटवलेल्याची वाच्यता करायची नसते. घरातसुद्धा नाही. आणि अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईने तर बघायचंच नसतं.”

“म्हणून तुम्ही जिन्यात बसलात.”

“मग काय हवा खायला बसले होते?”

मला एकदम हसू आलं आणि रडूही. इतकं सोपं होतं. अगदी वेडं होतं, पण सोपं. आपल्या हाताने त्यांनी आपला पुरावा झाकून टाकला होता आणि आता मान खाली घालून बसले होते.

“आई, मग डोळे खाली असतील ना अजून? त्या रंगाखाली?”

“असतील. ह्यांची आखणी तेलरंगाची. वरचा रंग पाण्यातला आहे, ओल्या फडक्याने निघेल.” आणि लगेच त्या सावध झाल्या. “पण पुसायचं नाव काढू नकोस. एकदा मिटवलेले उघडायचे नसतात. ते तुरुंगात जातील, पण पुसू देणार नाहीत.”

“आणि हेरंब जाईल तेव्हा?”

त्यांनी गॅस परत पेटवला. भाकरी तव्यावर टाकली, ती मोडली.

मी खाली गेले. रुंजी कडेवरच होती. मॅडम साठेकाकूंकडून परतल्या होत्या, काकूंनी दिलेलं अळूचं फदफदं वाटीत घेऊन. भाऊ ओट्याच्या एका टोकाला, हेरंब खांबाला धरून. मी पायरीवरच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

“हो. कॉम्प्रेसर चालला होता. दिवसभर.”

हेरंबने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला समजलं असतं. राग नव्हता. तो पांढराफटक पडला होता.

“ठाऊक आहे मला,” मॅडम म्हणाल्या. “जनरेटरवाल्याने परवाच सांगितलं. मला बघायचं होतं, या घरात कुणी सांगतं का.” त्यांनी वाटी खाली ठेवली. “आता कशाला चालला होता तेही सांगा.”

मी सांगितलं. घरची रीत, खडूचं पाणी, आजेसासरे, सगळं. सांगता सांगता भाऊंकडे बघायचं टाळत होते, तरी ते दिसत होते. भर चौकात कुणी आपलं धोतर फेडावं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

“तुला कुणी सांगितलं हे?” त्यांनी विचारलं.

“मी सांगितलं,” वरून सासूबाई म्हणाल्या. त्या गॅलरीत आल्या होत्या. “काय करायचं ते मला करा.”

मॅडमनी ओट्यावरच्या त्या आंधळ्या मूर्तीकडे बघितलं. मग भाऊंकडे.

“काका, गोष्ट चांगली आहे. खरी असेल तर फारच चांगली आहे. पण मी गोष्टी ऐकत फिरत नाही. रोज नवी ऐकायला मिळते. वरच्या आळीत एकाने सांगितलं, मूर्ती वाहून समुद्रात गेल्या. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये सापडल्या. खाली डोळे आहेत म्हणता, तर पुसून दाखवा.”

“नाही.”

“एकच.”

“नाही. मला न्या. कुठे यायचं ते सांगा, मी येतो. पण हात लावायचा नाही.”

“तुम्हाला नेऊन काय करू, काका? सही तुमच्या मुलाची आहे.”

भाऊ उठले होते, ते खाली बसले.

मी सासूबाईंना खाली बोलावलं आणि रुंजी त्यांच्याकडे दिली. मोरीतून फडकं ओलं करून आणलं. कुणीही मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित नसतं आणलं.

“केतकी, नको,” हेरंब म्हणाला. “भाऊ नको म्हणतायत ना? ऐक जरा.”

मला त्याचं बरं वाटलं. म्हटलं, बापाचा एवढा मान ठेवतो, स्वतः अडकतोय तरी.

ओट्यावरची मूर्ती मी मांडीवर घेतली. अगदी रुंजीला घेते तशीच घेतली गेली. कपाळाखाली फडकं ठेवलं आणि हळूच ओढलं. गुलाबी रंग फडक्यावर आला. पुन्हा ओढलं. खालून आधी पापणीची काळी रेघ आली, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. मी दुसरा पुसला. ते दोन्ही डोळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. कान नव्हता, सोंड चिखलाने माखलेली, पण डोळे असे, जणू आत्ताच कुणीतरी हाक मारली.

भाऊंनी तोंड फिरवलं.

मॅडम जवळ येऊन वाकल्या. खिशातला रुमाल काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, क्षणभर, आणि परत खिशात घातला. मग हवालदाराला म्हणाल्या, “फोटो घे.”

“झालं ना, मॅडम?” हेरंब म्हणाला.

“एकाने होत नाही. नमुना लागतो.” त्यांनी ताडपत्री आणखी वर केली आणि मधली एक काढून मला दिली. मी पुसली. डोळे होते. माझ्या जिवात जीव आला. मी सासूबाईंकडे बघून हसलेसुद्धा.

“आता खालची एखादी.”

“मॅडम, दोन बघितल्यात ना तुम्ही,” हेरंब म्हणाला. “वडील माणूस आहे. त्यांना त्रास होतोय. अजून किती उघडायला लावणार?”

“शेवटची.”

त्यांनी ढिगाच्या तळाशी हात घालून एक ओढून काढली. मी मांडीवर घेतली, फडकं ओढलं. गुलाबी निघाला. पुन्हा ओढलं. पांढरं लागलं. नुसतं प्लास्टर. मी दुसऱ्या बाजूने पुसलं. गालावरचं पुसलं, सोंडेवरचं पुसलं. पितांबराला फडकं लागलं तर पिवळाही सुटून आला. मी पुसतच राहिले. खोल गेलं की सापडतील, असं काहीतरी मनात होतं.

“केतकीताई,” मॅडम म्हणाल्या. “पुरे.”

भाऊ उठून आले. त्यांनी मूर्ती माझ्या मांडीवरून उचलली, डोळ्यांच्या जागेवरून अंगठा फिरवला.

“ही मी आखलेली नाही,” ते म्हणाले.

“ते दिसतंय, काका. मग ही रंगवली कुणी?”

भाऊंनी हेरंबकडे बघितलं. फार वेळ नाही. आपण दार लागलंय का बघतो, तेवढंच.

“मीच,” ते म्हणाले.

“तुम्ही?”

“मीच. घाईत कच्च्याही रंगवल्या असतील. म्हातारा झालो. लिहा माझं नाव.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“तुम्हाला काही आठवतंय?”

मला आठवत होतं. त्या दिवशी दुपारी सासूबाई भाऊंना जबरदस्तीने वर घेऊन आल्या होत्या. ते पानावर बसले होते, भात चिवडत. मी रुंजीला घेऊन समोर होते. आणि खाली घरघर चालूच होती. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता उन्हात बसून मला एकाच वेळी सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. खांबाला धरून उभा असलेला हा माणूस मला डोळ्यांत बघून ‘नंतर सांगतो’ म्हणाला होता. तो आत्ता नको म्हणत होता तो भाऊंसाठी, की तळाच्या मूर्तींसाठी? की दोन्हींसाठी?

“भाऊ त्या दुपारी जेवायला वर आले होते,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. “तेव्हा—”

“मी केलं,” हेरंब म्हणाला.

सासूबाईंनी रुंजीला घट्ट धरलं.

“मी केलं, मॅडम. भाऊंना माहीत नाही. धुमाळ म्हणाला, तुमच्याकडे काम सोपं आहे. बाकीच्यांना डोळ्यांची अडचण येते, तुमच्याकडे म्हातारा स्वतःच डोळे झाकतोय. झाकलेल्यात झाकलेल्या मिसळून जातील, कोण ओळखणार आहे?” त्याने खांब सोडला आणि तिथेच खाली बसला. “पुढच्या वर्षी कारखाना उभा राहणार नाही असं वाटलं होतं मला. रुंजी आहे. दुसरं काही नव्हतं डोक्यात.”

भाऊ त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

“मी मिटवत होतो,” भाऊ म्हणाले, “आणि तू माझ्या मागे बसून…”

मॅडम हेरंबला म्हणाल्या, “उद्या अलिबागला यायचं. धुमाळने काय सांगितलं ते सगळं जबाबात हवं, शब्द न् शब्द. तुमचं काय होईल ते मी आज सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं होईल.” भाऊंकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. “काका, तुमचा खरा माल आहे त्याचा दावा तुम्हाला मांडता येईल. पण खरा कुठला आणि बनवलेला कुठला ते वेगळं करावं लागेल. सगळ्या पुसाव्या लागतील.”

“सगळ्या?”

“दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.”

भाऊंनी ताडपत्री ओढून पूर्ण बाजूला केली. सगळा ढीग उन्हात आला. वाकडेतिकडे हात, तुटलेल्या सोंडा, सगळीकडे तोच सपाट गुलाबी. ते ढिगासमोर उकिडवे बसले आणि एक मूर्ती उचलून हेरंबपुढे धरली.

“मला पुसायला लावू नकोस,” ते म्हणाले. “तू सांग. माझी का तुझी?”

हेरंबने मूर्तीकडे बघितलं. “तुमची.”

भाऊंनी ती उजवीकडे ठेवली. दुसरी उचलली.

“तुमची.”

तिसरी.

“माझी,” हेरंब म्हणाला. ती डावीकडे गेली.

हवालदाराने मॅडमकडे बघितलं. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली आणि ओट्यावर जाऊन बसल्या. साठेकाकूंच्या अळूची वाटी तिथे होती, त्यांनी ती नुसती हातात धरली. तुमची. माझी. तुमची. तुमची. भाऊ विचारत, हेरंब सांगे. भाऊ एकदाही पुसून बघत नव्हते. मुलगा म्हणेल त्या बाजूला ठेवत होते. रुंजी सासूबाईंच्या कडेवर झोपी गेली, ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपर्यंत गेलं, आणि ते दोघे तसेच बसले होते.

मग एक मोठी मूर्ती आली, दोन्ही हात गेलेली. हेरंबने ती खूप वेळ बघितली. पाठीमागून बघितली.

“आठवत नाही, भाऊ.”

“नीट बघ.”

“खरंच आठवत नाही.”

भाऊंनी ती उजवीकडे नेली, थबकले आणि डावीकडे ठेवली. “मग नाही,” म्हणाले.

त्यानंतर हेरंब वारंवार ‘आठवत नाही’ म्हणायला लागला. डावीकडचा ढीग वाढत गेला. भाऊंनी हरकत घेतली नाही. प्रत्येक वेळी तेवढंच, “मग नाही.” आम्हाला मिळायचं होतं ते आमच्या डोळ्यांदेखत कमी होत होतं, आणि दोघांपैकी कुणीही थांबत नव्हतं. मला अजून सांगता येणार नाही, त्याला खरोखरच आठवत नव्हतं, की बापाच्या ढिगात आपली एकही जाऊ नये म्हणून तो बापाच्याही आपल्यात घेत होता, की अजूनही, अजूनही काही लपवत होता. मी त्याला कधी विचारलं नाही. त्याच्या कपाळावरची शीर तेवढी बघत राहिले.

फडकं माझ्या हातातच होतं, ओलं. डावीकडची मोठी मूर्ती माझ्या पायाशीच होती. एकदा ओढलं असतं तर कळलं असतं.

मी ते मोरीत नेऊन पिळलं आणि लंगोटांच्या दोरीवर वाळत टाकलं.